दोन वाट्या कढीलिंब

एस्तेरमावशी गेल्याचं पोस्टकार्ड मला नगरला पाचव्या दिवशी मिळालं. वसतिगृहातल्या कुठल्याशा मुलीच्या गोल, जपून काढलेल्या अक्षरात दोन-तीन ओळी होत्या. "मावशी मंगळवारी पहाटे गेल्या. आदल्या दिवशीचा स्वयंपाक त्यांनीच केला होता. तुम्हाला कळवावे असे सुशीलाबाई म्हणाल्या." मी छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ तपासत बसले होते. कार्ड वाचलं, उलटं केलं, पुन्हा वाचलं. आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मनात आलं ते एवढंच, की मग मंगळवारी दुपारी साठ मुलींची आमटी कुणी केली असेल... मावशींना स्वतःला विचारता आलं असतं, तर त्यांनीही आधी हेच विचारलं असतं.

हे नाव वाचकांना माहीत असण्याचं कारण नाही. एस्तेरमावशी श्रीरामपूरच्या एका मुलींच्या वसतिगृहात वीसेक वर्षं स्वयंपाक करत होत्या. पुरवण्यांमधून ज्यांच्यावर असे लेख येतात, त्यांच्या नावाला पदव्या चिकटलेल्या असतात, त्यांनी संस्था काढलेल्या असतात, त्यांच्या शोकसभेला मोटारी येतात. ज्यांनी त्या माणसांना आयुष्यभर जेवू घातलं, त्यांच्यावर कुणी लिहीत नाही. मला हे पूर्वीपासून चीड आणणारं वाटतं. पण आजचा लेख मी चिडीपोटी लिहीत नाही. मावशींचं मी एक देणं लागते आणि ते चार लोकांसमोरच फेडण्यासारखं आहे, म्हणून लिहिते आहे.

मी तिसगावची. वडील थोडी कोरडवाहू शेती करत आणि उरलेला सगळा जीव चळवळीत घालत. आमच्या घरात पुस्तकं फार नव्हती, पत्रकं मात्र कणगीत धान्य असावं तशी होती. दारूबंदीची, हुंड्याविरुद्धची, पाणवठ्याच्या हक्काची. अक्षर ओळखायला मी शिकले ती त्या पत्रकांवरच. 'बंधू-भगिनींनो' हा शब्द मला 'कमळ' आणि 'बगळा' यांच्या आधी वाचता येत होता, असं वडील कौतुकानं सांगत. या शिक्षणाचा परिणाम असा झाला, की कागदावर छापून आलेल्या गोष्टीवर माझा विश्वास फार लवकर बसे. छापलेलं खोटंही असतं हे मला ठाऊक होतं, पण ते विरोधकांच्या पत्रकातलं.

सत्तर साली कॉलेजसाठी मी श्रीरामपूरच्या त्या वसतिगृहात आले. माझी तिथली राहण्याजेवणाची सोय नादारीवर, म्हणजे गरीब म्हणून पैसे माफ होऊन, होती. पहिल्याच दिवशी ताट घेऊन रांगेत उभी राहिले, तर काळ्यासावळ्या, बुटक्या, पदर कमरेला घट्ट खोचलेल्या एका बाईनं पळीचा हात थांबवून विचारलं, "गाव कंचं?" मी सांगितलं. "तिसगाव व्हय? मग दोन पळ्या घे. कोरड्या गावाची मानसं आधी पानी पिऊन पोट भरत्यात." त्या दिवसापासून मी तिसगाव झाले. मावशी कुठल्याच मुलीला नावानं हाक मारत नसत. अकोले, राहुरी, नेवासे... वाढताना हाका अशा जात की एस.टी. स्टँडवर उभं राहिल्यासारखं वाटे. अकोल्याची मुलगी भाकरीला नाक मुरडायची. तिला त्या म्हणत, "अकोले, तुझ्या डोंगरातला तांदूळ हितं कालव्यानं वाहत येत न्हाई. खा गपगुमान." आणि मग तिच्या ताटात गुपचूप तव्यावरची पापुद्रा सुटलेली भाकरी पडायची.

मावशींना लिहितावाचता येत नव्हतं. स्वयंपाकघरात मापं म्हणजे एक पितळी वाटी, एक मापटं आणि त्यांचा हात. धान्य मापट्यानं, डाळ वाटीनं, आणि हिरवं जे काही असेल, कोथिंबीर, पुदिना, कढीलिंब, मेथी, शेपू, ते त्या निवडून, धुऊन, पंच्यावर पसरून पाणी निथळल्यावर चिरायच्या आणि मग वाटीनं घालायच्या. वाटी भरताना कधी सुटी ठेवायच्या, कधी अंगठ्यानं जराशी दाबायच्या. का ते सांगायच्या नाहीत. दुपारच्या मधल्या वेळी आम्ही दोघी-तिघी त्यांच्याजवळ निवडायला बसायचो. मुळं इकडे, जून काड्या आमटीच्या उकळीला, कोवळ्या काड्या चटणीला, पानं वरून घालायला. एकाच जुडीचे चार वाटे. माझ्या हातून कोवळी काडी केरात गेली की त्या ती उचलून माझ्या हातावर परत ठेवत.

मग बहात्तरचं दुष्काळी साल आलं. त्याचं वर्णन मी करत नाही, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या स्वयंपाकघरात ते आलं ते जुडीच्या रूपानं. कोथिंबिरीची जुडी महिन्या-महिन्याला बारीक होत गेली. नाव तेच, जुडी, पण मनगटाएवढी होती ती दोन बोटांएवढी झाली. वसतिगृहाच्या समितीचे चिटणीस निवृत्त शिक्षक होते. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. कडक, पण पै-पैचा प्रामाणिक माणूस. त्यांनी ठरवलं की यापुढे भाजीपाला जुडीवर घ्यायचा नाही, वजनावर घ्यायचा, आणि स्वयंपाकही वजनावरच करायचा. प्रत्येक पदार्थात काय किती ग्रॅम लागतं त्याचा तक्ता महिनाभरात भिंतीवर लागला पाहिजे. ज्या स्वयंपाकिणीला तक्त्याप्रमाणे करता येईल ती राहील. नगरची एक शिकलेली बाई यायला तयार होती, हेही त्यांनी सांगून टाकलं.

मला ते पटलं होतं, हे आधी कबूल करते. वजन म्हणजे न्याय, असं माझं मत होतं. मूठ प्रत्येकाची वेगळी, ग्रॅम सगळ्यांचा सारखा. पण मावशींना काढायचं हे काही मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "मावशी, तुम्ही फक्त सांगा. तक्ता मी करते." त्या चुलीतली राख ओढत होत्या. म्हणाल्या, "कर बाई. माजं बोट धरून लिव म्हंजे झालं."

चार दुपारी मी त्यांच्यासमोर वही घेऊन बसले. साठ मुलींच्या आमटीला डाळ किती, चिंच किती, कढीलिंब किती. कढीलिंब दोन वाट्या. चटणीला पुदिना चार वाट्या, चिरून, न दाबता. त्यांनी एकदाही अडखळून सांगितलं नाही. सगळं झाल्यावर मी खोलीवर गेले आणि वाट्यांचे ग्रॅम करायला बसले. माझ्याजवळ आहारावरचं एक छापील पत्रक होतं. त्यात कोष्टक होतं आणि कोष्टकात स्पष्ट होतं, 'एक वाटी म्हणजे सव्वाशे ग्रॅम'. कशाची वाटी, ते वर बारीक अक्षरात असेलही. मी पाहिलं नाही. मी गुणाकार केले. दोन वाट्या कढीलिंब, पाव किलो. चार वाट्या पुदिना, अर्धा किलो. सुंदर अक्षरात तक्ता लिहिला, समासाची रेघ तांबड्या शाईनं मारली, आणि खाली 'श्रमाला माप मिळालेच पाहिजे' असं एक वाक्यही टाकलं. ते वाक्य मला फार आवडलं होतं.

परीक्षा रविवारी दुपारी होती. समितीचे तिघं जण मुलींबरोबर जेवणार, आणि सर स्वतः उभे राहून तक्त्याप्रमाणे एकेक वस्तू तोलून देणार. शनिवारी आम्ही स्वयंपाकघरामागचं कढीलिंबाचं झाड ओरबाडायला लागलो. पाव किलो पानं म्हणजे किती हे मला तोवर माहीत नव्हतं. खालच्या फांद्या संपल्या, नेवासे आणि अकोले शिडी लावून वर गेल्या, तरी पारडं हलेना. शेवटी झाड अगदी उघडं पडलं आणि ओट्यावर पानांचा ढीग झाला. मावशी बाहेर आल्या. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं.

"तिसगाव, हे कशाला? पंगत हाय का गावाची?"

"तक्त्यात आहे, मावशी. पाव किलो."

"म्या दोन वाट्या म्हनले हुते."

"दोन वाट्या म्हणजेच पाव किलो."

"असं व्हय..." त्या म्हणाल्या. ओल्या हातानं त्यांनी ढिगातली दोन पानं उचलली, परत टाकली. "नव्या वजनात असंल तसं." आणि आत गेल्या.

त्या ढिगाचं आणि त्या वाटीचं काही नातं आहे का, हे पाहायला मला दहा पावलं जावं लागलं असतं. वाटी आत फडताळात होती. मी गेले नाही. मी कागदाकडे पाहिलं आणि कागद बरोबर होता.

रविवारी सरांनी तागडी धरली. डाळ, तिखट, मीठ, सगळं सुरळीत गेलं. मग त्यांनी कढीलिंब तोलला आणि परातीत ओतून मावशींपुढे सरकवला. फोडणी तडतडत होती. मावशींनी परात उचलली, आणि घालण्याआधी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी मान हलवली, घाला म्हणून. परात उपडी झाली. पातेल्यावर पानांचं इतकं जाड शेवाळ आलं, की खालची आमटी दिसेना. चटणीचा रंग पाट्यावरच काळपट पडला.

पहिला घास सरांनीच घेतला. त्यांनी तो गिळला, पाणी प्यायले, आणि ताटात हात तसाच ठेवून बसले. दुसऱ्या सभासदांनी चटणीचं बोट चाटलं आणि ताट पुढे सरकवलं. इतकं कडू, इतकं उग्र, की जिभेवर दुपारभर राहिलं. मुली हसायच्या बेतात होत्या, पण कुणी हसलं नाही. दुष्काळात साठ ताटांचं अन्न वाया गेलं होतं. सर उठून स्वयंपाकघराच्या दारात आले आणि विचारलं, "हे माप कुणी सांगितलं?"

मी दारापासून चार हातांवर उभी होते. मी बोलणार होते, असं मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं आहे. पण माझ्या आधी मावशी बोलल्या. "म्याच सांगितलं, सर. पोरीनं म्या सांगितलं तसं लिवलं. माजा हात चुकला."

आणि मी गप्प राहिले. गावात सावकारासमोर, पाटलासमोर ताडकन बोलणारी मी. सरांनी एवढंच म्हटलं, की महिनाअखेरीला नगरच्या बाईंना बोलावतो. त्याला पंधरा दिवस होते.

पुढचे दोन दिवस मी एक पत्रक लिहिलं. माझ्या आयुष्यातलं तोवरचं ते सगळ्यात जळजळीत पत्रक असेल. वीस वर्षं राबलेल्या बाईला एका जेवणावरून हाकलणारी समिती, निरक्षर म्हणून ज्ञान नाकारणारी व्यवस्था, स्त्रीच्या हाताला किंमत न देणारा समाज, कुणालाही सोडलं नव्हतं. त्यातलं आजही मला काही खोटं वाटत नाही. तिसऱ्या दुपारी मी ते मावशींना वाचून दाखवायला गेले. त्या जमिनीवर बसून कोथिंबीर निवडत होत्या. मी उभ्यानं, सभेत वाचावं तसं वाचलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. हात थांबला नाही.

"लई ब्येस लिवलंस," त्या म्हणाल्या. "समदं आलंय त्यात. तुजी वाटी तेवढी न्हाई आली."

माझ्या हातातला कागद तसाच राहिला. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांच्या आवाजात टोमणाही नव्हता. ताटात मीठ वाढायचं राहिलंय, हे जसं सांगावं तसं सांगितलं होतं. मी तिथंच खाली बसले. एक काडी उचलली आणि विचारलं, "मावशी, तुम्हाला माहीत होतं ना? मग घातलात कशाला?"

"कमी घातला असता तर सर म्हनले असते, हिला वजन कळत न्हाई. आन तू मान हलवलीस. म्या म्हनलं, शिकलेली पोरगी हाय, असंल काईतरी."

"आणि माझं नाव का नाही सांगितलंत?"

"तुजं नादारीवर हाय ना हितं?" एवढं म्हणून त्यांनी जुडीचा दोरा सोडला. "आता त्ये पत्रक ठिव. मला पत्रकात घालू नगं. मला ही चूल पायजे. ऊठ, वाटी आन."

वसतिगृहातल्या तागडीचं सर्वांत लहान वजन पन्नास ग्रॅमचं होतं. पानांची वाटी त्याला दाद देईना. मावशींनी मला किराणा दुकानात पाठवलं, वेलदोडे तोलायची पितळी वजनं मागून आणायला. दुकानदार म्हणाला, "कोथिंबीर तोलताय वेलदोड्याच्या वजनानं? मावशीला म्हणावं, सोन्याच्या काट्यावरच घ्या." मी वजनं घेऊन आले. पहिल्यांदा तांदूळ भरले. वाटीभर तांदूळ, बरोबर सव्वाशे. माझं पत्रक खोटं बोलत नव्हतं. मग त्याच वाटीत कोथिंबिरीची सुटी पानं भरली, शिगेपर्यंत. दहा ग्रॅम. मी पुन्हा तोललं. दहाच. मग मावशींनी पानं चिरली आणि वाटी भरली. वीसच्या वर. मग अंगठ्यानं दाबून भरली. पस्तीस. वाटी तीच, कोथिंबीर तीच, आणि वजनं तीन. तांदळाच्या सव्वाशेच्या ती जवळपासही कुठे नव्हती. मी दोन वाट्यांची आमटी पंधरा-वीस वाट्यांनी केली होती.

मला लाज वाटली, पण त्याहून जास्त नवल वाटलं. ही बाई वीस वर्षं अंगठ्याच्या एका दाबानं दहा-पंधरा ग्रॅमचा हिशेब सांभाळत होती, आणि मी तिच्यासाठी 'श्रमाला माप मिळालेच पाहिजे' असं लिहिलं होतं. माप तिच्याजवळ होतंच. ते वाचण्याची अक्कल माझ्याजवळ नव्हती.

पुढचे दहा-बारा दिवस आम्ही रोज दुपारी तोलत होतो. बाजारातून आलेली जुडी, पाणी मारलेली, मुळांसकट. तीच जुडी निथळून. तीच निवडून. अर्ध्याहून जास्त वजन मुळांत, काड्यांत आणि भाजीवालीनं मारलेल्या पाण्यात जायचं. मग सुटी वाटी, चिरलेली वाटी, दाबलेली वाटी. पुदिन्याची वेगळी, शेपूची वेगळी. शेपू वाटीत उभाच राहायचा, चिरल्याशिवाय बसायचाच नाही. कढीलिंबाची पानं एकमेकांना टेकून पोकळी धरायची, म्हणून वाटीभर दिसली तरी वजनाला हलकी. सकाळची मेथी दुपारी तोलली तर वाटीत जास्त मावते आणि जुडीत कमी भरते, हे मला मावशींनी दाखवलं तेव्हा कळलं. कालव्याकाठची पानं मोठी आणि पाणीदार, त्या वर्षीची विहिरीच्या तळाच्या पाण्यावरची बारकी आणि वासाला तिखट. "म्हनून वजन सारखं आलं तरी चव सारखी येत न्हाई," त्या म्हणाल्या. "तक्त्यात लिव, आधी एक पान चावून बघावं." मी लिहिलं. त्या तक्त्यावर घोषणा एकही नव्हती, आणि 'कशाची वाटी' हे मात्र प्रत्येक ओळीत लिहिलेलं होतं.

तक्ता घेऊन मी सरांच्या घरी एकटी गेले. ओसरीवर उभं राहून सांगितलं, की माप मावशींचं चुकलं नव्हतं, हिशेब मी चुकवला, आणि त्या दिवशी मी गप्प बसले. सरांनी पाट पुढे सरकवला. मग म्हणाले, "बसून सांग." मी सगळं सांगितलं. माझी नादारी जाईल असं मला वाटत होतं. त्यांनी त्याचा विषयच काढला नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघरात आले, धोतराचा सोगा सावरून पाटावर बसले आणि म्हणाले, "द्या ती वाटी." त्यांनी स्वतः चिरलेली कोथिंबीर भरली, दाबली, तोलली. पंचेचाळीस भरली. तक्त्यावर पस्तीस होती.

"हे कसं?" त्यांनी विचारलं.

मावशी म्हणाल्या, "तुमी छडी धरनाऱ्या हातानं दाबलीत, सर. कोथमीर हाय ती, तिला गनित यायचं न्हाई."

सर हसले. वसतिगृहात त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं. त्यांनी तक्त्यावर स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली, की दाबलेली वाटी शक्यतो वापरू नये, चिरून सुटी भरावी आणि वजनानं पडताळावी. मग त्या वजनावर आमटी झाली, चटणी झाली, आणि सरांनी भात दोनदा मागून घेतला. नगरच्या बाईंना पत्र गेलं ते नकाराचं. तक्ता भिंतीवर लागला. सर मला म्हणाले, की मी जेवणाच्या वेळी सगळ्या मुलींना खरं काय ते सांगतो. मावशींनी त्यांना थांबवलं. "नगा सांगू. पोरी नावं ठिवतील तिला. शिकू द्या तिला."

म्हणून कुणालाच कळलं नाही. मावशींची चूल राहिली, पण 'मावशींचा हात एकदाच चुकला होता' ही गोष्ट वसतिगृहात कायमची झाली. नव्या मुलींना ती पहिल्या आठवड्यातच कळायची. मावशी त्यावर स्वतःही हसायच्या. कॉलेज संपवून मी नगरला छापखान्यात लागले, त्यानंतरही सुट्टीत भेटायला गेले की माझ्यासमोर ती गोष्ट निघे, मावशी माझ्याकडे न पाहता पोळपाट पुसत बसत, आणि मी... मी दरवेळी ठरवायचे, आणि दरवेळी विषय बदलला की हुश्श करायचे.

त्या गेल्यानंतर तिसऱ्या रविवारी वसतिगृहात प्रार्थना झाली. दफनाला मी नव्हते, म्हणून याला तरी जायचंच होतं. सकाळच्या एस.टी.नं गेले. जेवणाच्या दालनात सतरंज्या घातल्या होत्या. पाळकांनी प्रार्थना केली, सर थोडं बोलले. मग मुली एकेक आठवण सांगू लागल्या, आणि एका मुलीनं, जी बहात्तर साली इथे नव्हतीसुद्धा, हसत आणि डोळे पुसत सांगितलं, की मावशींच्या हातून इतक्या वर्षांत एकच आमटी बिघडली होती, कढीलिंबाची. दालनभर ओलं हसू पसरलं. सर खाली पाहत होते.

मी उभी राहिले. मी म्हटलं, की ती आमटी मावशींनी बिघडवली नव्हती. त्यांनी दोन वाट्या सांगितल्या होत्या. पाव किलो मी केलं, छापलेलं कोष्टक बघून. सरांनी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं, आणि मी शेजारी उभी राहून ते घेऊ दिलं. मावशींचा हात कधीच चुकला नाही. एवढं बोलून मी खाली बसले. मग मागच्या सतरंजीवरून एक बाई उठून माझ्याजवळ येऊन बसली. मावशींची मुलगी, रूथ. राहुरीला दिलेली. मी तिला आधी एकदाच पाहिलं होतं.

"तिसगावच्या तुमीच ना?" तिनं हळूच विचारलं. मी मान हलवली. "आमाला ठावं हुतं. आईनं तवाच सांगितलेलं. म्या म्हनले, तुजं नाव खराब झालं की गं. तर म्हनली, ती सांगंल तिच्या तोंडानं. जरा येळ लागंल तिला."

जरा वेळ. दोन वर्षं लागली, आणि त्यांच्या कानांपर्यंत ते पोचायचं राहिलं. पण त्यांनी वाट पाहिली होती, आणि वाट पाहताना शंका घेतली नव्हती. आईवडिलांनंतर माझ्यावर इतका विश्वास कुणी टाकला असेल, तर तो एका अशा बाईनं, जिला माझा एकही लेख वाचता आला नसता. मी आजही पत्रकं लिहिते, आजही तिखट लिहिते. लिहून झाल्यावर त्यात मी स्वतः कुठे आहे ते एकदा बघते, तेव्हा कुठे कागद छापायला जातो. हे मला कुठल्याही सभेनं शिकवलं नाही.

प्रार्थना संपल्यावर सगळ्यांना जेवण होतं. सुशीलाबाई, ज्या मावशींच्या हाताखाली होत्या आणि आता चूल सांभाळतात, त्यांनी आतून हाक मारली, की हात कमी पडताहेत. रूथ उठली, मीही उठले. स्वयंपाकघरात जमिनीवर ओल्या पंच्यावर कोथिंबिरीचा हिरवा ढीग होता. रूथनं जुडीचा दोरा दातानं तोडला, अर्धी जुडी माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "कवळ्या काड्या टाकू नगा." आम्ही निवडायला बसलो.